फुटाला एक सूत

“उजवा पंख कुणी केलाय?” डॉक्टर पाध्यांनी विचारलं.

रेडिओवर चालणारं ते छोटं विमान नुकतंच माळावर उतरलं होतं. उतरलं म्हणजे गवतात नाक खुपसून थांबलं होतं. इंजिन बंद पडलं तरी इंधनातल्या एरंडेलाचा जळका वास हवेत होता. डॉक्टरांच्या गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला ट्रान्समीटर होता आणि जानेवारीतल्या सकाळी त्यांच्या कपाळावर घाम होता. चार मिनिटं ते विमानाशी भांडत होते. विमान सारखं उजवीकडे कलायचं. डॉक्टर ट्रान्समीटरवरची स्टिक डावीकडे धरून त्याला सरळ करायचे. स्टिक सोडली की ते पुन्हा उजवीकडे.

“डावा मी केलाय. उजवा हिनं,” आप्पा म्हणाले.

“मग विचारायचं काय त्यात?” शिरगावकर वकील म्हणाले. ते डॉक्टरांचे मित्र, दर रविवारी विमानं बघायला येत आणि थर्मासमधला चहा सगळ्यांना देत. “पोळी लाटावी तसा लाटला असणार पंख. काय गं, एका कडेला जाड राहिला व्हय?”

माळावर आम्ही चौघंच होतो. मी आप्पांकडे पाहिलं नाही. पंखात काहीतरी चुकलं आहे हे मला आठ दिवसांपासून माहीत होतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील आनंदा सुतार, कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. बिडाची कुठलीही वस्तू ओतायची तर ती आधी लाकडात करावी लागते. ते लाकूड वाळूत दाबून साचा करतात आणि साच्यात रस ओततात. लाकडात चूक राहिली तर बिडाच्या पाचशे नगांत तीच चूक उतरते. आप्पांच्या लाकडात चूक राहत नसे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आप्पा अर्ध्या सुतासाठी दोन दिवसांचं काम भट्टीत टाकत, असं लोक त्यांच्याबद्दल सांगायचे. मीही ते मैत्रिणींना सांगत असे.

पाध्ये दातांचे डॉक्टर. त्यांचं पहिलं विमान झाडात अडकून मोडलं होतं. दुसरं कुणीतरी लाकडात करून द्यावं म्हणून ते विचारत विचारत आमच्या घरी आले. त्यांच्याजवळ एका इंग्रजी मासिकाचं पान होतं. त्यावर वीतभर चित्र आणि बाजूला इंचात लिहिलेली मापं. पानावरचा मजकूर मी शब्दकोश घेऊन लावून दिला. मी नववीत होते.

“करतो की,” आप्पा चित्रावरून बोट फिरवत म्हणाले. “पैशाचं राहू द्या. आम्हा दोघांस्नी उडवायला शिकवा.”

“दोघं म्हणजे?”

“मी आणि ही मंगल. पान हिनंच वाचलंय.”

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले आणि बरं म्हणाले. ते गेल्यावर आप्पांनी मला समोर बसवलं.

“डावा पंख माझा, उजवा तुझा. एकमेकाचं बघून करायचं न्हाई. दोघांनी पानावरनंच मापं घ्यायची. बघून केलं की चूकबी बघूनच येते.”

“आणि चुकलं तर?”

“ज्याचं चुकंल त्यानं औंदा उडवायचं न्हाई. पुढच्या वर्षी.”

“म्हणजे माझंच चुकणार.”

“मग नीट कर.”

विमानाचं लाकूड डॉक्टरांनी मुंबईहून मागवलं होतं. बाल्सा. आप्पांनी पहिली फळी हातात घेतली आणि तिचं वजनच लागेचना. “हे लाकूड हाय का भाकरीचा पापुद्रा?” ते आईला म्हणाले. सागवान आणि शिसवी तासलेल्या त्यांच्या हाताला सुरुवातीचे चार दिवस ते जमलं नाही. पंखाच्या सांगाड्यातल्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फासळ्या, चिरत गेल्या. मला मात्र पहिल्यापासून जमलं, कारण मला दुसरं कुठलं लाकूड माहीतच नव्हतं.

प्रत्येक पंखाला अकरा फासळ्या. मी त्या दाढीच्या ब्लेडनं कापत असे. संध्याकाळी आप्पा कामावरून आले की हात पुढे करत. “पट्टी.” मी माझी शाळेची लाकडी फूटपट्टी देत असे. तिनंच ते माझी एकेक फासळी मोजत. चौथी फासळी त्यांनी तीनदा परत केली. स्वतःच्या फासळ्या मात्र ते एकदा आखून कापत आणि बाजूला ठेवत. पुन्हा मोजताना मी त्यांना पाहिलं नाही. मोजायची गरजही वाटत नव्हती, त्यांना किंवा मला.

सांगाडे झाल्यावर त्यांच्यावर पातळ रंगीत कापडासारखा प्लास्टिकचा पापुद्रा चढवायचा होता. तो आधी सैल बसवायचा आणि मग त्याच्यावरून गरम इस्त्री फिरवायची. उष्णतेनं तो आकसतो आणि ताणून बसतो. आई इस्त्री सोडायला तयार नव्हती.

“लुगड्याची इस्त्री हाय ती. त्या विमानाला फिरवून मला परत आणून देणार व्हय?”

“विमानाला काय घाण लागलीया?” आप्पा म्हणाले.

“मी सांगून ठेवतो, लुगडं जळलं तर दुसरं तुमी नेसवायचं.”

पहिल्यांदा मी इस्त्री जास्त तापवली आणि पापुद्र्याला भोक पडलं. दुसऱ्यांदा सुरकुत्या राहिल्या. तिसऱ्यांदा बसला. आप्पांनी बोटानं टिचकी मारून बघितली. “हलगी तापवल्यागत वाजतंय,” ते म्हणाले. त्या दोन महिन्यांत त्यांनी माझ्या कामाबद्दल काढलेला बरा शब्द तेवढाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा कामावर होते. मी दोन्ही पंख बघावेत म्हणून भिंतीला शेजारी शेजारी उभे केले. माझा पंख त्यांच्या पंखाहून करंगळीच्या नखाएवढा आखूड होता.

आधी वाटलं, जमीन उतरती असेल. मी जागा बदलून बघितली. मग पट्टी घेतली. माझा तीस इंच. पानावर तीसच लिहिलं होतं. आप्पांचा तीस इंच आणि वर अडीच सूत. मी पट्टीकडे बघितलं. तिचं टोक दप्तरात घासून झिजलं होतं. म्हणजे पट्टी खोटी. मग मी पट्टीच्या मधल्या आकड्यांपासून मोजलं. तरीही तेच. म्हणजे मी पानावरचं काहीतरी चुकीचं लावलं असणार. इंग्रजी माझंच होतं. मी तासभर कारणं शोधत बसले, आणि त्या तासात एक कारण सोडून सगळी शोधली.

मग मी एक पंख या भिंतीला आणि दुसरा समोरच्या भिंतीला लावून ठेवला. संध्याकाळी आप्पांनी मधला सांधा नीट बसतोय एवढंच बघून दोन्ही जोडले. मी गोंदाची बाटली धरून उभी होते. काही बोलले नाही.

आणि आता माळावर डॉक्टर विमान उचलून आणत होते.

“काळजीचं कारण नाही, मेस्त्री,” ते म्हणाले. “स्टिकच्या शेजारी ही ट्रिमची छोटी खुंटी असते. ती डावीकडे सरकवून ठेवली की उडेल सरळ.”

“सरळ न्हाई उडायचं. सरळ दिसंल,” आप्पा म्हणाले. “टेप हाय का तुमच्याकडं?”

डॉक्टरांच्या गाडीत पोलादी टेप होता. वकिलांनी तो आणून दिला. आप्पा गुडघ्यावर बसले आणि टेपचं टोक पंखाच्या मध्यावर ठेवू लागले.

“मोजू नका, आप्पा,” मी म्हणाले. “माझा आखूड आहे.”

त्यांचा हात थांबला. “किती?”

“अडीच सूत.”

“कवा बघितलंस?”

“इस्त्री झाल्यावर. तुम्ही कामावर होता.”

“बघा!” वकील म्हणाले. “पोरगी कबूल तरी करते.”

आप्पांनी त्यांचं ऐकलंच नसावं. ते माझ्याकडे बघत होते, पण मला बघत नव्हते. हिशेब करताना ते असेच दिसत. “नीट अडीच?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. “तीस इंच म्हंजे अडीच फूट,” ते हळू म्हणाले. “अडीच फुटाला अडीच सूत.”

ते गुडघ्यावरून खाली बसले, चक्क मातीत. मग त्यांनी टेप लावला. आधी माझा पंख मोजला, मग स्वतःचा. एकदा मोजून त्यांचं भागलं नाही. स्वतःचा त्यांनी पुन्हा मोजला.

“हिचा तीस हाय. बरोबर हाय,” ते म्हणाले. “माझा चुकलाय.”

वकिलांच्या हातात थर्मासचं झाकण तसंच राहिलं.

आप्पा डॉक्टरांकडे बघून सांगायला लागले. आवाज नेहमीचाच होता, एखाद्या नव्या माणसाला काम समजावून सांगावं तसा. बीड गार होताना आकसतं. फुटाला एक सूत. म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी वेगळी असते. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटाहून एका सुतानं मोठा असतो, म्हणजे लाकूड तेवढं मोठं होतं आणि बीड आकसून नेमक्या मापाला येतं. दिसायला ती पट्टी साध्या पट्टीसारखीच. दोन्हींची गफलत होऊ नये म्हणून पॅटर्नच्या टेबलावर साधी पट्टी ठेवायचीच नाही, हा नियम आप्पांनीच तिथं केलेला होता. कामावर बावीस वर्षं त्यांच्या हातात दुसरी पट्टी आली नव्हती. विमानाचं काम घेतल्यावर ते पिशवीतून तीच पट्टी घरी घेऊन आले.

“म्हणजे मधलं धड? शेपूट?” डॉक्टरांनी विचारलं.

“समदंच. फुटाला सूत मोठं. ते दोन्ही कडंनी सारखं वाढलंय म्हणून कळलं न्हाई. पंख एक माझा आणि एक हिचा, म्हणून कळलं.”

“मेस्त्री,” डॉक्टर ओठ दाबून म्हणाले, “हे विमान बिडाचं ओतलं असतं तर...”

“बरोब्बर मापात आलं असतं,” आप्पा म्हणाले.

डॉक्टरांना हसू आवरलं नाही. वकीलही हसले. आप्पा हसले नाहीत, पण त्यांना राग आला असंही दिसलं नाही. ते उठले, धोतराची माती झटकली आणि माझ्याजवळ आले.

“तुला दिसलं हुतं.”

“हो.”

“मग बोलली का न्हाईस? उडवायला मिळणार न्हाई म्हणून?”

“हो.”

ते थांबून राहिले. उत्तर अर्धंच आहे हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

“आणि तुमचं चुकलं असेल असं मनातच आलं नाही,” मी म्हणाले.

“दोन पंख. दोन मापं. पट्टी तुझ्या हातात,” ते म्हणाले. “आणि तू इचारलंस कुणाला? मनाला. ते काय सांगणार, आप्पा बरोबर हाईत.” मग आवाज आणखी खाली आणून, दुसऱ्या दोघांना ऐकू जाऊ नये असं, “काम कुणाचं हाय ते बघायचं न्हाई, मंगल. माझं असलं तरी न्हाई.”

आप्पा गेले त्याला आता आठ महिने होतील. भेटायला आलेल्यांत फौंड्रीतली जुनी माणसं होती. जो तो एकच सांगत होता की मेस्त्रींच्या हातून उभ्या जन्मात चूक झाली नाही. मी मान हलवत होते आणि चहाचे कप भरत होते. झाली होती, मी पाहिली होती, आणि तुम्ही कुणी त्यांना तेव्हा पाहायला हवं होतं, असं म्हणायचं तोंडापर्यंत येऊन राहिलं.

त्या दिवशी माळावरून निघताना आप्पांनी डॉक्टरांकडे दोन आठवडे मागितले. “डावा नवा करतो. ही उडवंल. मी औंदा न्हाई.”

“अहो मेस्त्री, गमतीची गोष्ट ही.”

“नियम गमतीत केला नव्हता.”

“आणि हिनं लपवलं त्याचं काय?” वकिलांनी विचारलं. त्यांना न्याय पुरता व्हायला हवा होता.

“त्याची शिक्षा घरात.”

घरी आईला सगळं कळलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली. “तुमचं चुकलं?” तिनं दोनदा विचारलं. “बावीस वर्सं ऐकतोय मी. माझी भाकरी वाकडी, माझं सारवण वाकडं, पोळपाट ठेवला तर तोबी वाकडा. उद्या अंबाबाईला नारळ फोडतो.”

“दोन फोड,” आप्पा म्हणाले.

शिक्षा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू झाली. आप्पांनी माझी झिजक्या टोकाची फूटपट्टी मागून घेतली, तिच्यावरून मापं घेऊन पहिली फासळी कापली आणि माझ्यासमोर ठेवली. पट्टीही ठेवली.

“मोज.”

“मी?”

“मी करणार, तू मोजणार. तू पास म्हणलीस तर गोंद लागंल. न्हाई म्हणलीस तर चुलीत.”

मला वाटलं होतं, चार दिवस अबोला धरतील किंवा रविवारी माळावर नेणार नाहीत. त्यातलं काहीही सोपं गेलं असतं. ते समोर मांडी घालून बसत आणि मी मोजत असे, कान तापलेले, आणि पास म्हणताना माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. “मोठ्यानं,” ते म्हणत. पहिली पास. दुसरी पास. सहा फासळ्या अशा गेल्या. मी मोजायचं नाटक करायला लागले होते, पट्टी टेकवायची आणि उचलायची.

सातवी फासळी पट्टीवर ठेवली आणि ती कमी भरली. अर्धं सूत. पुन्हा ठेवली. अर्धं सूत.

आप्पा खिडकीबाहेर बघत होते. आई चुलीपुढे होती.

“आप्पा.”

“हूं.”

“सातवी कमी आहे.”

“किती?”

“अर्धं सूत.”

“अर्ध्या सुतानं काय हुतंय? वर पापुद्रा बसला की कळायचंबी न्हाई.”

मी फासळी हातात धरून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आईनं मान वळवली होती.

“नाही,” मी म्हणाले. “ही चालणार नाही.”

त्यांनी हात पुढे केला, फासळी घेतली आणि बसल्या जागेवरून चुलीत टाकली. बाल्सा कागदासारखा भसकन पेटला. मग नवीन फळी ओढून ते आठवीच्या आधी पुन्हा सातवी आखायला लागले. ती फासळी त्यांच्या हातून खरंच कमी कापली गेली होती की त्यांनी मुद्दाम कापली होती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पुढं तीस वर्षं संधी होती.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी आम्ही चौघं पुन्हा माळावर होतो. पंख धडावर रबरांनी ताणून बांधला. डॉक्टरांनी इंजिन सुरू केलं आणि विमान वर नेलं, दोन गिरक्या घेतल्या, मग ते आमच्यापासून लांब सरळ जाऊ दिलं आणि दोन्ही हात ट्रान्समीटरवरून उचलून डोक्याच्या वर धरले.

विमान सरळ गेलं. कुणीही न धरता, माळाच्या त्या टोकापर्यंत, पट्टीनं आखल्यासारखं.

“ये,” डॉक्टर मला म्हणाले.

पट्टा मला मोठा होत होता. आप्पांनी मागून त्याला गाठ मारली आणि दोन पावलं मागे सरले. लांब जाणारं विमान सांभाळायला सोपं असतं. डावीकडे म्हटलं की डावीकडे जातं. ते वळून तोंडावर यायला लागलं की सगळं उलटं होतं, त्याचं डावं आपलं उजवं. डॉक्टरांनी हे मला दोन महिने दवाखान्याच्या गच्चीवर नुसता ट्रान्समीटर हातात देऊन शिकवलं होतं: विचार करत बसू नकोस, जो पंख खाली पडतोय त्याच बाजूला स्टिक ने, त्याच्याखाली टेकू दे.

विमान वळलं, आमच्याकडे यायला लागलं, एक पंख खाली गेला, आणि मी नेमकी विचार करत बसले. स्टिक उलटी गेली. पंख आणखी पडला. विमान उभं होऊन खाली घसरायला लागलं, आणि त्याचा आवाज चढला. डॉक्टरांचा हात माझ्या हातावर आला.

“थांबा, डॉक्टर,” आप्पा मागून म्हणाले.

हात थांबला. मी पडणाऱ्या पंखाकडे बघितलं आणि त्याच्याखाली टेकू दिला. पंख उचलला गेला. विमान आमच्या डोक्यावरून इतक्या खालून गेलं की वकिलांनी थर्मास छातीशी धरून मान खाली घातली. मग ते चढलं आणि मी त्याला पुन्हा लांब सोडलं.

सहा मिनिटं मी ते उडवलं. उतरवलं डॉक्टरांनी. ते मला पुढे दीड महिना जमलं नाही.

“अजून तेल आहे टाकीत,” डॉक्टर म्हणाले. “मेस्त्री, घ्या की एकदा हातात. कोण बघतंय?”

“ही बघतीया,” आप्पा म्हणाले, आणि हात मागे बांधून उभे राहिले.

वकील विमानाभोवती एक फेरी मारून आले. वाकून त्यांनी पंखाला टिचकी मारली. “मेस्त्री, आमच्यासाठीपण एक करा की असंच. पुढच्या दिवाळीपर्यंत.”

“हिला इचारा.”

“विमान तुम्ही करणार ना?”

“मी लाकूड कापतो,” आप्पा म्हणाले. “पास-नापास ही करते. ही पास म्हणंल तेच तुमाला मिळंल.”

वकील मोठ्यानं हसले. आप्पा हसले नाहीत. वकिलांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा डॉक्टरांकडे पाहिलं. मग थर्मासचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे वळले.

“मग, मंगलताई,” ते म्हणाले, “दिवाळीपर्यंत जमेल का?”